उघाडी

रात्रीचे अडीच. नेरूळ, सहावा मजला.
पडद्यावर एक दीर्घिका उघडून बसले आहे.
यादीतला क्रमांक आठशे बारा,
नाव ठेवावं असं तिच्यात काही नाही:
लांबट गोल, तांबूस,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
निळा ठिपका शोधून सापडत नाही.

निळे तारे उधळे, लवकर संपतात.
तांबडे काटकसरीनं जळत राहतात,
म्हणून लांबून पाहणाऱ्याला
सगळं ठीक चाललंय असंच वाटतं.
दिवे आहेत. पाळणा हलत नाही, इतकंच.

मला फक्त एक रकाना भरायचाय: थांबली कशी?
कुणी जाता जाता तिचा वायू ओरबाडून नेला,
की मधल्या काळोखानं तो तापवत ठेवला
(तारा व्हायला आधी थंडावा लागतो,
हे सांगितलं की लोक हसतात)
की नुसतं बाहेरून येणं बंद झालं?

हसुराममामा झोपत नाही.
मोतीबिंदूनंतर माझ्याकडे आलाय,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्यानं पडदा न्याहाळत विचारतो,
"मेली कशान गो ही?"

मी सांगते. थंड वायू, बाहेरचं पाणी म्हण हवं तर,
येईनासं झालं की आतल्या साठ्यावर
चारेकशे कोटी वर्षं निघतात.
तो मान हलवतो. आकड्याला नाही.

"पानी कोंडला का मीठ लगेच थांबत नाय.
आमचं आगर दोन वरसां चाललं मंग.
पांढरा सफेद मीठ.
पन जिभेवं ठेवला का करू."

करू. कडू.
दरसाल खाली उरलेलं कडवट पाणी
ओहोटीला सोडून द्यायचं,
भरतीला उघाडीतून नवं घ्यायचं,
खणातून खणात फिरवायचं, आणि उन्हाची वाट.
उघाडीच बुजली तर
तेच पाणी पुन्हा, तेच पुन्हा,
मीठ पडत राहतं आणि कडू होत जातं.
मॅग्नेशियम, मामा.
त्याला नाव ठाऊक नाही, चव आहे.

मी वर्णपट मोठा करते.
हिरव्याच्या जरा अलीकडे
एक खोल काळी रेघ. मॅग्नेशियमची.
जित्या दीर्घिकांत असते त्याहून खोल.
तारे मरताना जे जड मागे टाकतात
ते पातळ करायला नवं काही आलंच नाही;
शेवटचे तारे त्याच त्या पाण्यातले.
एका फटक्यात वायू गेला असता
तर चव बदलायला वेळ कुठून मिळाला असता?

म्हणजे कोंडमारा.
मी लिहायला घेते, आणि उगाच विचारते,
"तुमची कुणी बुजवली?"
मला उत्तर पाठ आहे:
सरकार, नोटीस, नकाशावरची लाल रेघ.

मामा पट्टीची कड चाचपतो.
"उघारी? मीच बुजवली.
मुरूम टाकला, वर धुमस मारला.
दिसाचं बारा रुपये.
दुसरा कोन होता तवा कामाला?"

खाली सेक्टरचे दिवे, एकाच मापाचे.
आठशे बारा पडद्यावर तशीच.
तिच्या भोवतीचा वायू संपलेला नाही,
भरपूर आहे, ढगच्या ढग,
फक्त तापलेला, आत उतरत नाही;
आणि तो तापवणारं जे काही आहे
ते तिच्याच पोटात बसलंय.

हे मी मामाला सांगत नाही.
रकान्यात "कोंडमारा" लिहिते, पुढे प्रश्नचिन्ह,
मग चहा टाकते.

सकाळी तो तळमजल्यावर जाईल,
गाड्या लावतात त्या भिंतीला
रंग फोडून लोणा आलाय तिथे.
सोसायटीनं दोनदा खरवडला.
मामा बोट लावतो, जिभेवर ठेवतो,
काही बोलत नाही,
आणि रांगेतल्या पुढच्या खांबाकडे वळतो.